शेवटच्या तीन पट्ट्या

माझं नाव क्षमा ठेवलं तेव्हा मी बारा दिवसांची होते, म्हणून त्यात कुणाला दोष देत नाही. पण लग्न होऊन पेडण्यात आले आणि महिनाभरात सुदेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, जाहीर करून टाकलं की हिचं नाव क्षमा आणि राग नाकाच्या शेंड्यावर. खोटं नाही ते. मला सगळ्यात जास्त राग येतो तो दोन शब्दांचा. 'असू दे.' छापलेल्या फोटोत केसाएवढी रेघ आली, असू दे. राखाडी रंगात हिरवट झाक आली, असू दे, कोण बघतंय एवढं! अहो, मी बघतेय ना!

मी उच्च माध्यमिक शाळेत रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. वीस वर्षं बाटल्या, मोजनळ्या आणि सिरिंज यांच्यात काढली. त्यामुळे घरी कृष्णधवल फोटो छापायचं वेड लागलं, तेव्हा माझ्या हाताला फार नवं काही शिकावं लागलं नाही. म्हापशातल्या एका दुकानाने मोडीत काढलेला मोठा प्रिंटर आम्ही घरी आणला. त्यात सहा रंगांच्या सहा टाक्या होत्या. मी सगळे रंग धुऊन काढले आणि सहाही टाक्यांत काळा भरला. पहिल्यात निव्वळ काळा, दुसऱ्यात थोडं पातळ केलेला, तिसऱ्यात आणखी पातळ, असं करत सहाव्यात पेजेच्या निवळीत चिमूटभर काजळी पडावी तसा.

"सहा टाक्यांत एकच रंग?" सुदेश म्हणाला होता. "उद्या सहा भांड्यांत एकच आमटी करशील."

त्याला समजावलं की रंगीत शाया मिसळून राखाडी केला तर तो ट्यूबलाइटखाली सरळ दिसतो आणि उन्हात नेला की हिरवा पडतो. एकाच काळ्याचे सहा वाटे केले तर लबाडीला जागा राहत नाही. ही शाई पाण्यात विरघळलेला रंग नव्हे. काजळीचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात, ते कागदावर बसतात आणि आपल्यामागेही टिकतात. पण त्यांची खोडही आहे. स्वस्थ ठेवले की तळाला जातात, दोन दिवस छापलं नाही की प्रिंटरची भोकं बुजवतात. म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी मी सहा बाटल्या हलवते. पोदेर पाव घेऊन येतो तेव्हा मी जनेलाच्या गजांशी उभी राहून बाटली हलवत असते. त्याला वाटतं मला कसलं तरी औषध चालू आहे.

आता माझं खरं दुखणं सांगते. छपाई तपासायला मी एक पट्ट्यांचा कागद काढते. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकवीस पट्ट्या, प्रत्येक आधीच्या पट्टीपेक्षा एक घर गडद. अठरापर्यंत सगळं शिस्तीत जायचं. पण एकोणीस, वीस आणि एकवीस या तिघी एकाच लुगड्यातल्या. कितीही डोळे ताणा, कोण कुठली ते कळायचं नाही. याचा अर्थ, फोटोत जिथे दाट सावली असेल तिथे जे काही दडलंय ते माझ्या कागदावर येतच नव्हतं. तिथे काय असतं, हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या बाटलीचं प्रमाण बदल, कागद बदल, वाळायला पूर्ण एक दिवस दे, पुन्हा बघ. दोन महिने हे चाललं होतं आणि जानेवारीतल्या एका शनिवारी, दुपारच्या उन्हात, एकोणीस आणि वीसच्या मधली रेघ मला दिसली. मग वीस आणि एकवीसच्या मधली. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारची श्रद्धा धावत आली.

आणि त्याच आठवड्यात दत्ताराममामा आले.

हे सुदेशच्या आईचे चुलतभाऊ. वय त्र्याहत्तर, लाटंबार्स्यात भात आणि काजू करतात. तीन बस बदलून एकटे आले होते. पिशवीतून काजूगर काढून दिले आणि मग टॉवेलात गुंडाळलेली त्यांच्या आईच्या फोटोची फ्रेम माझ्या मांडीवर ठेवली.

"बाय, माका माझ्या आवशीचो फोटो मोठो करून होयो," ते म्हणाले. "डॉक्टरान सांगल्यान, डोळ्यांचां आता काय खरां नाय. कडेन दिसता, पण मधी काळो ठिपको. तो वाढत जातलो."

मधुमेहाने डोळे खाल्ले होते. समोरच्या माणसाकडे बघायचं तर मामांना मान वाकडी करून बाजूने बघावं लागत होतं.

"आवस गेली तेव्हा मी दोन वर्साचो. तिचां तोंड माका आठवणा नाय. ह्यो एकच फोटो. आता एवढ्याशा फोटोत माका नाक खय आणि डोळे खय, कायेक कळना नाय. डोळे पुरते जावच्या आदी एकदा तिका नीट बघतंय, मगे जावंदेत."

मामा असं सरळ म्हणाले, जसं कुणी म्हणावं की पाऊस पडायच्या आत गवत आत घ्यायचंय. मी मान खाली घालून फ्रेम उघडत राहिले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि रडताना कुणी मला बघितलेलं मला चालत नाही.

फोटो तळहाताएवढा. लुगडं नेसलेली, डोक्यावर पदर घेतलेली तरुण बाई, मागे रंगवलेला पडदा. डोळे मोठे, नाकात नथ. चेहऱ्याचा अर्धा भाग उजेडात, बाकी सगळं काळं. आणि कपाळावर लालभडक मोठा डाग. मामांनी खुलासा केला. एकदा काच फुटली, नवी बसवायला वर्ष गेलं, आणि तेवढ्या वर्षात ते रोज सकाळी थेट कागदावरच कुंकू लावत होते.

"काच नाय म्हणान आवशीक बिनकुंकवाची ठेवू काय?" त्यांनी मलाच विचारलं.

मामा संध्याकाळच्या बसने परत गेले आणि मी कामाला लागले. कुंकवाचा डाग ही मला वाटलेली मोठी अडचण पाच मिनिटांत सुटली. स्कॅन केलेल्या फोटोतला फक्त लाल उजेडाचा भाग घेतला की लाल डाग दिसेनासा होतो, लाल काच डोळ्यांपुढे धरून लाल खडूचं लिहिलेलं बघावं तसा. डाग गेला आणि त्याखालचं कपाळ जसंच्या तसं निघालं. मी खुशीत होते. आता सावली. ज्याने हा फोटो काढला त्याला उजेड नीट लावता आला नव्हता, असं माझं ठाम मत झालं. गळा, हात, पदराच्या आतली बाजू, सगळं काळोखात. पण काळोखात काहीतरी होतं. स्कॅनमध्ये आकडे एकसारखे नव्हते, माझ्या शेवटच्या तीन पट्ट्यांइतकाच बारीक फरक होता. आणि तो फरक छापता येणारी शाई आता माझ्याजवळ होती!

चार दिवस मी शाळेतून आले की तेवढंच करत होते. सगळा फोटो न छापता एक-एक तुकडा छापायचा, वाळवायचा, सोप्यावर नेऊन दिवसाच्या उजेडात बघायचा. पहिल्या दिवशी काळोखातून हात निघाले. रुंद, गाठाळ बोटांचे.

"शेतकरी बाईचे हात," सुदेश म्हणाला. "तुझ्यासारखी सिरिंज धरत होती काय ती?"

पटलं. दुसऱ्या दिवशी डाव्या हाताची करंगळी निघाली, मोडून वाकडी बसलेली. तिसऱ्या दिवशी गळा छापला. पदराच्या सावलीत, गळसरीच्या वर, गळ्याच्या मधोमध एक उंचवटा. मी तो कागद उलटा करून बघितला, सरळ करून बघितला, आणि मग सुदेशच्या गळ्याकडे बघितलं. चौथ्या दिवशी नाकाची सावलीकडची बाजू छापली. नथीच्या वरच्या टोकाला, नाकपुडीला चिकटून, मेणाचा गोळा होता. नाकाला भोकच नव्हतं.

आमच्याकडे मुलीचं नाक ती पाळण्यात असतानाच टोचतात. सत्तर वर्षांपूर्वीची लग्न झालेली बाई आणि नाक टोचलेलं नाही, हे होणं नाही. मी तुकडे मेजावर ओळीने मांडले आणि सुदेशला हाक मारली. त्याने पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि खुर्चीत बसला.

"बाई नाय ही, बापय तो," तो म्हणाला. "दहीकाल्यातलो कोणतरी स्त्रीपार्टी."

पेडणे-डिचोलीत हे कुणालाही सुचेल. दहीकाला म्हणजे देवळाच्या जत्रेतला दशावतार, त्यात द्रौपदी काय आणि तारामती काय, पुरुषच नेसून उभे राहतात, आणि असे उभे राहतात की बायांनी पदर कसा घ्यावा ते शिकावं. तशा कुणा नटाचा फोटो चुकून या फ्रेममध्ये गेला असणार. आणि मामा जन्मभर एका परक्या पुरुषाला आई म्हणून कुंकू लावत होते. मला आधी हसू आलं. मग ते हसू विरलं, कारण मामांचं वाक्य आठवलं. एकदा तिका नीट बघतंय, मगे जावंदेत.

आता त्यांना काय दाखवायचं?

"सावली होती तशी काळी ठेव आणि छाप," सुदेश म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?"

"त्र्याहत्तर वर्सां फुटाक नाय ना? मग? तेंका आवस बघूची आसा. तू तेंका दाढी करून बसलेलो बापय दाखयतलंस?"

"आणि त्यांनी शेवटचं म्हणून जे बघायचं ते खोटं बघायचं?"

"असू दे गो, क्षमा."

एवढं बोलायला नको होतं त्याने. मी त्या दिवशी दोन फोटो छापले, दोन्ही मोठ्यात मोठ्या कागदावर. एक सावली बंद ठेवून, मूळ फोटो होता तसा. दुसरा सगळं उघडून, हात, गळा, नथ, मेण, सगळं. पहिला सुदेशसाठी, दुसरा माझ्यासाठी म्हणा. दोन्ही एक दिवस वाळवले आणि एकाच नळीत गुंडाळून घातले.

रविवारी स्कूटरने लाटंबार्स्याला गेलो. काजूला मोहर आला होता. मामी लेकीकडे डिचोलीला गेल्या होत्या आणि मामा बागेत होते. सुदेश त्यांना बोलवायला गेला. घरी होत्या त्या शेवंतीआते, मामांच्या वडिलांची धाकटी बहीण. वय त्र्याऐंशी. लग्न केलं नाही, मामांना यांनीच वाढवलं. सोप्यावर सूप घेऊन कुळीथ निवडत होत्या. मला वाटलं, जुना फोटो कुठला, त्यात चूक कशी झाली, हे सांगू शकेल असं हे एकच माणूस उरलंय. मामा यायच्या आत विचारून घ्यावं. मी नळीतून उघडा फोटो काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

आतेंचा हात सुपात थांबला. 

"ह्यातलो काळोख खय गेलो?" त्यांनी विचारलं.

"मी काढला."

"कित्याक काढलंस?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मला पहिल्यांदा वाटलं की मी काहीतरी मोडून ठेवलंय.

"आते, हे कोण?"

"जयवंत तो. माझो भाव. दत्तारामाचो बापूस."

मी खाली बसले. आते बागेच्या वाटेवर नजर ठेवून, भरभर, हळू आवाजात सांगत गेल्या.

जयवंतची बायको सोनाबाई तापाने गेली तेव्हा घरात तिचा एकही फोटो नव्हता. त्या काळी इथे फोटो काढतंय कोण? दत्ताराम पाच वर्षांचा झाला, शाळेत जायला लागला आणि तिथे पोरांनी चिडवलं की तुका आवस नाय.

"पोर घराकडे इलां आणि इचारूक लागलां, माझी आवस दिसा कशी? जयवंत सांगा, गोरी होती, डोळे मोठे होते. पोराक तेतून काय कळतलां? तेका तोंड होयां होतां."

जयवंत दहीकाल्यात स्त्रीपार्ट करायचा. त्याने सोनाबाईची पेटी उघडली, तिचं लग्नातलं लुगडं काढलं, नथ काढली, गळसरी काढली आणि पंधरा वर्षांच्या शेवंतीला बरोबर घेऊन बसने म्हापशाला फोटोवाल्याकडे गेला.

"पडद्याफाटी मीच तेका लुगडां नेसयलंय. नाकाक भोक नाय, म्हणान नथ मेणान चिकटयलंय. दोन येळा दाढी केल्यान तेनी त्या दिसा. आणि फोटोवाल्याक सांगल्यान, तोंड तेवढां उजेडात ठेव, हात-गळो काळोखात जावंदी. समाजलां?"

समजलं. मी ज्याला फोटोवाल्याचा अडाणीपणा म्हणून नावं ठेवत होते, तो काळोख एका बापाने मागून घेतला होता. मला स्वतःची लाज वाटली.

फोटो बाहेरच्या कुणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून जयवंतने तो माजघरात लावला. त्या दिवसापासून तोंडाला रंग लावला नाही. आणि पुढे जन्मभर स्वतःचा फोटो काढू दिला नाही, मुलाच्या लग्नातसुद्धा नाही, कारण दोन चेहरे शेजारी आले असते तर कुणीही ओळखलं असतं. मरताना बहिणीकडून वचन घेतलं.

"पोर सकाळ-सांज त्या फोटोकडे बोला," आते म्हणाल्या. "बापाशीची कागाळी सांगा. बाबान मारल्यान, बाबान खावक दिवक नाय. जयवंत दाराफाटी उभो रवान आयका आणि दुसऱ्या दिसा पोराक होयां तां दी. मगे एक दिस पोर म्हणालां, 'आवशी, माका बाबा नको. तेका तू घेवन जा आणि तू हय येवन रव.' जयवंत दाराफाटी होतो. तीन दिस तो जेवक नाय."

त्यांनी माझं मनगट धरलं. 

"तेका ह्यो दाखव नको बाय. काळोख आसा तो दाखव."

आणि मी, जिला 'असू दे'चा एवढा तिटकारा, मुकाट्याने उघडा फोटो गुंडाळून नळीत घातला. वाटेवर सुदेश आणि मामा दिसत होते.

मामांनी हातपाय धुतले, टॉवेलाला हात पुसले, पुन्हा पुसले. मी बंद सावलीचा फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. उठून सोप्याच्या कडेला उन्हात गेले. तिथेही तसंच. आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत उभे होतो.

"डोळे दिसले," ते म्हणाले. "मोठे आसत." आणि मग, "बाकी काय?"

"बाकी सावली आहे, मामा."

"माझ्या डोळ्यात मधी माझो काळोख आसाच गो. वर ह्यो आणि कित्याक? तुका जमता मां उजेड घालूक? हातां तरी दाखव तिची."

मी आतेंकडे बघितलं. आते सुपाकडे बघत होत्या. मामा फोटो कागदाच्या कडेला धरून, मान वाकडी करून, जिथे काही नव्हतं तिथे शोधत होते. अंगठ्याने काळ्यावर हलकेच घासून बघत होते, जणू वरून पुसलं तर खाली काही सापडेल. ते मला बघवेना. पण मी काही बोलायच्या आत आतेच बोलल्या.

"दी तेका दुसरो."

मी नळीतून दुसरा काढला. मामांनी तो उन्हात धरला. ते वरून सुरुवात करून खाली येत होते, एका वेळी थोडं थोडं. पदर. कपाळ. नथ. गळ्यावर थोडा वेळ थांबले. मग हात. डाव्या हाताच्या करंगळीवर आले आणि तिथून हलेनात.

"ही करंगळी," ते म्हणाले. "ही कोयत्यान तुटलली. वाकडी बसली. हिका धरून मी शाळेत जाय."

 बागेत कुणीतरी लाकूड फोडत होतं.

"आते, ह्यो बाबा?"

"होय."

मग आतेंनी त्यांना सांगितलं. पेटी, लुगडं, म्हापसा, मेण. जेवढं मला सांगितलं होतं तेवढं सगळं, फक्त जयवंत दाराआडून ऐकायचा तेवढं सोडून. मामा ऐकत होते आणि बोट फोटोवरच्या नथीभोवती गोल गोल फिरवत होते.

"नथ तिची?"

"तिचीच. लुगडां पण तिचांच."

"आणि तोंड बाबाचां." मामा खाली पायरीवर बसले. "म्हणजे आवस माका गावली नाय ती नायच. आता खयसून गावतली?"

एवढं म्हणून ते रडले. मोठ्याने नाही, पण खांदे हलत होते. सुदेशने माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत 'सांगितलं होतं ना' असं काही नव्हतं, तोही रडत होता. मला वाटलं, माझ्या त्या तीन पट्ट्या, दोन महिन्यांची ती हौस, कशाला केली मी? एका म्हाताऱ्या माणसाची आई मी काढून घेतली.

मग मामा नाक ओढून हसले. "फसयल्यान माका. एवढो दांडगो बापूस, घोव पण तोच आणि बायल पण तोच! आणि मी तेचीच कागाळी तेकाच सांगी." त्यांनी फोटो पुन्हा उन्हात धरला. "बाबाचो फोटो नाय म्हणान जल्मभर मनात होतां. ह्यो माजघरातच बसललो."

ते बराच वेळ बघत राहिले. मी कधी कुणाला माझी छपाई एवढी बघताना पाहिलं नाही. आतेंनी पुन्हा कुळीथ निवडायला घेतले. वाटलं, निभावलं. सुदेश चहा ठेवायला आत गेला.

आणि मामांचं हसू हळूहळू उतरलं. काहीतरी आठवत असल्यासारखे ते फोटोकडे न बघता अंगणाकडे बघायला लागले.

"आते," ते म्हणाले. "एकदा बाबान माका खूप मारल्यान. मी माजघरात जावन ह्या फोटोक सांगलंय, माका बाबा नको, तेका घेवन जा, तू ये. असां म्हटलंय मी. सगळां याद आसा माका." त्यांनी मान वळवली. "तेनी आयकलां आसतलां काय गो?"

"नाय रे," आते लगेच म्हणाल्या. "तो खय घरात होतो? तो शेतात होतो." त्यांची बोटं सुपात फार वेगाने चालली होती.

मामांनी ते बघितलं नसेल, पण ऐकलं असणार. ते माझ्याकडे वळले. डोळ्यांच्या कडेने माझा चेहरा सापडेपर्यंत मान हलवत राहिले.

"आते माझ्यासाठी कायव सांगात. सुदेश गोड बोलता. तू तसली नाय. हिणा तुका आदी सगळां सांगल्यान ना? तू सांग. तेनी आयकलां काय?"

खरं जिभेच्या टोकावर होतं. जिथे जे आहे ते दिसलंच पाहिजे म्हणून मी साऱ्या घराला धारेवर धरते. आतेंची बोटं थांबली होती.

"नाही, मामा," मी म्हटलं. "भाताची कापणी चालली होती. तुम्हाला मारून ते तसेच शेतात निघून गेले. ते दिवेलागणीला घरी आले."

मामांनी छाती भरून श्वास घेतला आणि तो सोडला.

"मगे बरां," ते म्हणाले, आणि फोटो पुन्हा डोळ्यांच्या कडेशी धरला.